चिंचोके आणि झेंडूचा हार

गेवराईत केदारनाथचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दर खंडेनवमीला तिथे वर्षातल्या सर्वांत चांगल्या शर्यतीच्या गेमला मान मिळायचा. पोरं आवडत्या मशीनपुढे चिंचोके टाकायची, मग केदार एकेक गेम स्वतः खेळून बघायचा आणि त्याला पटेल त्या मशीनला झेंडूचा हार घालायचा.

यंदा उन्हाळ्यात तलवाड्याच्या रस्त्यावर केदारची मोटारसायकल घसरली आणि मागे बसलेला त्याचा दोस्त हारिस गेला. तेव्हापासून केदार घराबाहेर पडला नव्हता. दुकान त्याची आई, बसम्मा, चालवायची. तिला रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. ती दिवसभर मशीनच्या काचा पुसायची.

"दादा न्हाई तर निकाल कोन लावनार, काकू?" खंडेनवमीला पोरांनी विचारलं.

बसम्मा घरी गेली. "हार आणलाय. तू घाल."

"मला न्हाई जमणार, आई."

"नाही जमलं तर राहू दे. नुसता ये."

तो आला. चिंचोक्यांचा ढीग नव्या मशीनपुढे होता. त्यातली गाडी आपटली की लगेच पुन्हा रस्त्यावर उभी राहायची. केदारनं ती एकदा आपटू दिली, उभी राहिलेली पाहिली आणि तो उठला. हार त्यानं कोपऱ्यातल्या जुन्या मशीनला घातला. तिथे एकदा धडकलं की खेळ खलास, म्हणून पोरं तिकडे फिरकत नसत.

"ह्येला एक बी चिंचोका न्हाई, दादा! कावून?"

"ह्ये खोटं बोलत न्हाई," केदार म्हणाला आणि घरी न जाता गल्ल्यावर बसला.

बसम्मानं फडकं घेतलं आणि जुन्या मशीनची काच पुसायला लागली.