शेवंताआजींच्या दारातला ज्वालामुखी

“मॅडम, ज्वालामुखी फुटलाय! लौकर या की!”

सरपंच फोनवर ओरडत होते. मी सोलापुरात जिऑलॉजिस्ट आहे. दगड बघून पाणी कुठे लागेल ते सांगणं हे माझं काम. साहेब म्हणाले, “आपल्याकडचा काळा दगड लाव्हाचाच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जा, समजावून या.”

करमाळ्याच्या अलीकडे ते गाव. पोचले तर शेवंताआजींच्या घरापुढे गर्दी. आजी एकट्याच राहायच्या. गावानं त्यांना घर सोडायला लावलं होतं. खाट, भांडी, सगळं रस्त्यावर. अंगणाच्या कडेला जमिनीतून धूर निघत होता आणि माती चक्क लाल होऊन खदखदत होती.

तरी लांबूनच भाषण ठोकलं. सवय, दुसरं काय!

“हल्ली फुटलेला किंवा फुटायच्या खुणा दाखवणारा, तो जागृत ज्वालामुखी. फार वर्षं गप्प, पण पुन्हा फुटू शकेल, तो निद्रिस्त. ज्याच्याखाली वितळलेला दगड यायचाच थांबला, तो मृत. आपल्याकडचे मृत आहेत.”

“मेल्यालाय, तर धूर कशाचा सोडतोय?” आजींनी विचारलं.

मी बॅगेतून नकाशा काढायला लागले.

“देवी कोपलीय. गार पाणी घालते, शांत हुईल.” कळशी उचलून त्या अनवाणी निघाल्यासुद्धा.

त्यांना अडवायला धावले तेव्हा कुठे नीट बघितलं. गंधकाचा वास नाही. धूर तेवढ्याच जागी, विजेच्या खांबाच्या बुडाशी. वर एक तार सुटून खांबाला टेकलेली.

“आजी, थांबा! जमिनीत करंट आहे!”

दंड धरून त्यांना मागे ओढलं. सगळ्यांना लांब पिटाळलं. सरपंचांनी फोन करून लाइन बंद करवली. थोड्या वेळात धूर बसला. लाइनमननं नंतर तार नीट बसवून खणलं, तर काचेसारखा काळा गोळा निघाला. करंटच्या उष्णतेनं मातीच वितळली होती.

“म्हंजी मी घरात जाऊ?”

“जा आजी. खुशाल जा.”

त्यांचा चेहरा असा उजळला की माझेच डोळे भरून आले. सामान आत नेल्यावर त्यांनी मला चहा पाजला.

“लेकी, भाषण लई झ्याक केलंस,” त्या म्हणाल्या. “पर आदी वर बगायचं की गं!”

तेव्हापासून साइटवर गेले की दगडाआधी तारा बघते.