काका, पास झालात का?

नाशिकच्या एसटीत बसवायला बा जामसरहून जव्हार स्टँडपर्यंत आला होता. गाडी हलली तसा खिडकीशी येऊन म्हणाला, "नाय कललं त इचार. लाजू नको." आमच्या पाड्यावरून नर्सिंगला निघालेली मी पहिलीच, आश्रमशाळेतून बारावी झालेली, इंग्रजीत काठावर. मोखाडा मागे पडेपर्यंत रडले. मग आईनं दिलेली नागलीची भाकर खाल्ली आणि झोपून गेले.

हॉस्पिटलात सगळेच भरभर बोलायचे. आमच्या इन्चार्ज सिस्टर केरळच्या. तिसऱ्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "बेड फोर पास किया क्या, पूछके आओ."

चार नंबरला सिन्नरचे एक काका होते, आदल्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालेले. मला परीक्षेतलं पास तेवढं माहीत. वाटलं, फॉर्मवर शिक्षण लिहायचं असेल.

"काका, पास झालात का?"

काका ओशाळले. "नाही गं बाई. सातवीला नापास झालो आणि शाळाच सोडली."

मी जाऊन तसंच सांगितलं. "सिस्टर, सातवी फेल."

सिस्टर हसत खुर्चीतच बसल्या. ऑपरेशननंतर आतडी जागी झाली की वारा सरतो, त्यालाही 'पास' म्हणतात. ते होईपर्यंत डॉक्टर पाणी देत नव्हते आणि काका सकाळपासून पाण्यासाठी तळमळत होते. मला रडूच फुटलं. आता घरी पाठवणार, याची खात्री झाली.

सिस्टर म्हणाल्या, "मैं नयी थी, तब एक आजी बोली, पोटात कळ येते. मैं बोली, कल आएगी तो कल देखेंगे."

मग त्यांनी मला वही काढायला लावली. लघवी पास होते, नळी पास करतात. शेवटी आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं की माणूस गेला तरी 'पास्ड' म्हणतात. "लेकिन घरवालों को उनकी भाषा में बोलना. हाथ पकड़के."

मी परत काकांकडे गेले आणि सरळ विचारलं. "मग असं विचार ना," काका म्हणाले. "पहाटेच सरला की." डॉक्टरांनी पोट तपासलं आणि पाण्याचा पहिला चमचा मीच त्यांना पाजला.

आता मी तिथंच स्टाफ नर्स आहे. आपल्या पाड्यांवरून तुमच्यातले कितीतरी कामाला भिवंडी-ठाण्याला गेलात. एका शब्दापायी दिवसभर गोंधळ उडतो, हे तुम्हाला सांगायला नको.

गेल्या दिवाळीत घरी गेले, तर शेजारची सोनीकाकी मुतखड्याचा रिपोर्ट घेऊन ओट्यावर बसलेली. कुणीतरी तिला वाचून दाखवलं होतं की 'पास' लिहिलंय, म्हणजे ऑपरेशन पास, मंजूर झालं. तीन दिवस तिला घास गिळवत नव्हता. मी रिपोर्ट दोनदा वाचला आणि आपल्या बोलीत सांगितलं, "काकी, खडा पडला. ऑपरेशन नाय."

काकीनं रिपोर्टची घडी घातली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मंग उद्या नागली कापाया ये."

गेले. कापणाऱ्या बायांच्या रांगेत माझ्यापुरती जागा सोडलेली होती. सुट्टीवर आलीस, बस निवांत, असं कुणी म्हणालं नाही. काकीनं हातात विळा दिला आणि एवढंच बजावलं, "बोलत बसशील त मागं राशील." नाशिकला भाड्याची खोली आहे, तिथं मी सुखात राहते. पण घर म्हटलं की मला रांगेतली ती जागाच दिसते.