सत्तारभाईंनी न टाकलेलं तेल

सत्तारभाई गेल्याचं मला गुरुवारी भाजीबाजारात कळलं. मी लिंबं निवडत होते, तेवढ्यात लिंबवालीच म्हणाली, "तुमच्या गाडीचे मिस्त्री गेले न बाई. परवाच माती झाली." मी लिंबं तशीच ठेवून घरी आले. तुमच्या गाडीचे, ती म्हणाली. गेली सात वर्षं ते माझ्या गाडीचे राहिले नव्हते, आणि ते कशामुळे, हे गडचिरोलीत दोनच माणसांना ठाऊक होतं. आता एकच उरलं.

निहार, आर्या, तुम्ही लहानपणी सुट्टीत यायचात तेव्हा त्यांना 'स्टेअरिंगवाले चाचा' म्हणायचात. तुमच्या आजोबांनी नागपूरहून एक वापरलेली छोटी गाडी आणली होती, पॉवर स्टेअरिंगची. आमच्या सरकारी कॉलनीत तशी दुसरी नव्हती. एका बोटानं चाक वळतं हे पाहायला लोक येत. पण ते चाक कशाच्या जोरावर वळतं, हे समजणारे गावात एकटे सत्तारभाईच. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं हातानं शिकलेले. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायची, म्हणून गाडीचं इंग्रजी पुस्तक माझ्या ताब्यात आणि गाडी त्यांच्या. पहिल्यांदा स्टेअरिंगचं तेल बदललं तेव्हा त्यांनी पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली आणि मला आत बसवलं. इंजिन बंद. "फिरवा बाई, डावीकडं... हळू, पोळी लाटल्यावानी... आता उजवीकडं." तेलातले बुडबुडे संपेपर्यंत अर्धा तास मी चाक फिरवत होते आणि ते बॉनेटखालच्या तेलाच्या डबीत डोकावून बसले होते. मी कंटाळून म्हटलं, पुस्तकात तर एवढं नाही. ते हसले. "पुस्तकाले हवा नाई लागत बाई. पंपाले लागते."

त्यांनीच मला रविवारची सवय लावली. सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडायचं, छोट्या डबीचं झाकण काढायचं, त्याला जोडलेली पट्टी पांढऱ्या फडक्यानं पुसायची, पुन्हा बुडवायची, तेल कुठवर आलं ते पाहायचं. चाक शेवटपर्यंत वळवून धरून ठेवायचं नाही. वळताना गाडी कण्हायला लागली तर त्याच दिवशी त्यांच्याकडे जायचं. मला नियम आवडतात. मी एकही रविवार चुकवला नाही.

एका रविवारी तेल पट्टीवरच्या खुणेच्या खाली गेलेलं दिसलं. सत्तारभाई भाचीच्या लग्नाला चिमूरला गेले होते, आजोबा दौऱ्यावर. घरातलं स्टेअरिंगचं लाल तेल संपलं होतं, पण कपाटात ब्रेक ऑइलचा डबा होता. त्याच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, हायड्रॉलिक फ्लुइड. पुस्तकातही पॉवर स्टेअरिंग हायड्रॉलिक असल्याचं लिहिलं होतं. मला वाचता येत होतं ना! मी डबी खुणेपर्यंत भरली, फडकं धुऊन वाळत घातलं, आणि सत्तारभाई परतल्यावर त्यांना सांगितलं, "पातळी बरोबर आहे." आजोबांना तर सांगण्यासारखं काही आहे असंही वाटलं नाही.

तीन आठवडे काहीच झालं नाही. तेवढ्या वेळात ते तेल आतली रबराची सीलं फुगवत, मऊ करत होतं. चंद्रपूरला जाताना, मूल गावाच्या अलीकडे जंगलातल्या वळणावर आजोबांच्या हातातलं चाक एकदम दगडासारखं झालं. गाडी सागाच्या झाडावर आदळली. आजोबांचा उजवा कोपर पुढे कधीच सरळ झाला नाही. तुम्ही विचारायचात, आणि मी 'अपघात झाला होता' एवढंच सांगायची.

गाडी ओढून सत्तारभाईंकडे आणली. आजोबा प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून उभे, त्यांच्या शेजारी मी, भोवती कॉलनीतले चार-पाच जण. सत्तारभाईंनी डबीत बोट बुडवलं, हुंगलं. "सायेब, याच्यात ब्रेक ऑइल हाय. मी नाई टाकलं."

"मग काय, गाडीनं स्वतःच पिऊन घेतलं?" आजोबा म्हणाले.

सगळे हसले. सत्तारभाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी पर्स घट्ट धरली... आणि गप्प राहिले.

त्या महिन्यापासून कॉलनीतली एकही गाडी त्यांच्याकडे गेली नाही. मग ऑफिसांच्या जीपगाड्याही थांबल्या. त्यांनी बाजारातलं दुकान सोडलं, आरमोरी रस्त्यावर पत्र्याची शेड टाकली आणि फवारणीचे पंप दुरुस्त करू लागले. तीन वर्षांनी आजोबा गेले. मी तेव्हाही बोलले नाही.

दोन महिन्यांपूर्वी मी त्या शेडवर गेले. ते बाजेवर बसले होते, दम लागत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मले तं त्याच दिशी समजलं होतं. वासानं नाई. तुमच्या तोंडाकडं पाहून."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो न बाई. सायबाले म्हटलं, मी नाई टाकलं. अजून का बोलाव? बाकीचं तुमचं होतं." त्यांना ढास लागली. ती थांबल्यावर म्हणाले, "आन् आता मले काऊन सांगून राह्यल्या? मले तं माहीतच हाय. ज्यायले माहीत नाई, त्यायले सांगा."

म्हणून हे तुम्हा दोघांना लिहिते आहे, आणि गावातल्या वाचकांसाठी इथल्या पेपरात छापायलाही देते आहे. ते तेल मी टाकलं. सत्तारभाईंनी नाही. हे छापलेलं त्यांना दिसायचं, तर दोन महिन्यांपूर्वीच लिहायला हवं होतं. मी रोज उद्यावर ढकलत राहिले.

गाडी अजून आहे. काल रविवार होता. बॉनेट उघडलं, झाकण काढलं, पट्टी पुसली. पांढऱ्या फडक्यावर लाल रेघ उमटली. पातळी बरोबर होती. तरी मी फडकं नाकाशी नेऊन हुंगलं. पुस्तकात हे कुठेही लिहिलेलं नाही.