तीस हसरी तोंडं

डॉक्टर म्हणाले, "मोबाइलवर एखादं अ‍ॅप घ्या, रोज मनाची नोंद ठेवा आणि महिन्यानं दाखवा." मी चार अ‍ॅपं उघडून पाहिली. एकात नुसती फुलं, दोन इंग्रजीत. शेवटी मराठीतलं घेतलं. त्यात रोज रडक्यापासून हसऱ्यापर्यंतच्या पाच तोंडांपैकी एक दाबायचं आणि खाली हवं ते लिहायचं. त्यानं माझा आवडता रंगसुद्धा विचारला. पण रोज दुपारी दोनला त्याची आठवणीची घंटी वाजेल तेव्हा फोन कोणाच्या हातात असेल, हे काही त्याला विचारावंसं वाटलं नाही!

आमच्या घरात फोन एकच. मी दिवसभर नेरला शिवणाच्या दुकानात आणि फोन घरी सासूबाईंजवळ, कारण नणंदेचा कॉल येतो. संध्याकाळी मी त्यात चार ओळी लिहायची. तोंडांकडे मी कधी पाहिलंच नाही.

महिन्यानं डॉक्टरांनी वरचा तक्ता पाहिला. तीस हसरी तोंडं! "छान चाललंय की तुमचं!" म्हणाले. खाली माझं महिन्याभराचं रडणं लिहिलेलं होतं, पण बोट खाली सरकवायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

घरी आल्याआल्या सासूबाईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "दुपारी वाजते ते. मीच हसरं दाबून देतो. घरचं रडगाणं मोबाइलले कायले सांगाचं? बरं, डॉक्टर काय म्हणे?"

"तुमचं मन एकदम ठणठणीत हाय म्हणे," मी म्हटलं.