मैदानाकडे पाठ करून

फुटबॉलवर इतकं प्रेम करणारा आणि फुटबॉल इतका कमी पाहिलेला दुसरा माणूस या पृथ्वीवर नसेल. हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे. मस्कतमधल्या रुवीच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे कापडवाले भाई, ज्यांना तुम्ही नातवंडं 'खालचे आजोबा' म्हणता, त्यांनी इंग्लंडमधल्या एका संघावर आयुष्यभर जीव लावला. त्या संघातल्या प्रत्येक खेळाडूचा गुडघा कधी दुखला आणि कधी बरा झाला हे ते पेपरात वाचून लक्षात ठेवत. दर शनिवारी मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची नमाज आटोपली की दुकान भाच्यावर सोडून ते घरी येत, टीव्ही लावत, त्याच्यासमोर एक स्टूल ठेवत आणि टीव्हीकडे पाठ करून बसत.

संघाचं नाव मी लिहीत नाही, कारण तेही कधी घेत नसत. नाव घेतलं की नजर लागते. 'आपली माणसं' म्हणायचं. "आज आपली माणसं बाहेरगावी हायत," असं ते जिन्यात इतक्या काळजीच्या सुरात सांगत की नवीन भाडेकरूंना वाटे, यांच्या घरची मंडळी प्रवासात आहेत. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या वसईच्या बाईंनी त्यांच्या माणसांसाठी मेणबत्तीही लावली होती. संघ जिंकला, आणि भाईंनी बाईंना ब्लाउजपीस पाठवला.

आता हा संघ कोकणातल्या माणसाचा 'आपला' कसा झाला? भाईंचे वडील रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी. एका हिवाळ्यात त्यांची बोट त्या संघाच्या गावी, बंदराला लागली. थंडीनं कुडकुडत धक्क्यावर उभ्या असलेल्या या परक्या माणसाच्या गळ्यात तिथल्या कुणा हमालानं आपला विटकरी मफलर घातला आणि तो निघून गेला. तोच संघाचा रंग. वडिलांनी एकही सामना पाहिला नाही, पण मफलर जपला. "ज्या गावानं माझ्या बापाला ऊब दिली, ता गाव माझा," असं भाई म्हणत. शनिवारी तो मफलर गळ्यात असायचाच. मस्कतच्या उन्हाळ्यात, जेव्हा गाडीच्या दाराला हात लावला तरी चटका बसतो, तेव्हाही. मफलर सहन व्हावा म्हणून मग एसी सगळ्यात थंड करायचा, आणि एसी सहन व्हावा म्हणून त्यांच्या बायकोनं, भाभींनी, शाल पांघरायची. मी खाली जाताना स्वेटर घेऊन जायची. तुमचे आजोबा म्हणत, "निघालीस का महाबळेश्वरला?"

पाठ करून बसण्यामागे पक्का हिशोब होता. टीव्हीवर सामने दिसायला लागले तेव्हा भाईंनी सुरुवातीचे काही सामने सरळ तोंड करून पाहिले, आणि ते सगळे आपली माणसं हरली. मग एकदा ते नमाजेआधी हातपाय धुवायला, वजू करायला आत गेले, तेवढ्यात आपल्या माणसांनी गोल मारला. भाईंना जे समजायचं ते समजलं. दुसरा एखादा माणूस खोलीबाहेर जाऊन बसला असता, पण सामन्यापासून लांब राहणंही त्यांना जमेना. म्हणून हा मधला मार्ग. आणि पाठ टीव्हीकडे केली की तोंड आपोआप भाभींकडे येई. भाभी समोर कोलंबी सोलत बसलेल्या असत, नजर पडद्यावर. भाई सामना बघत तो भाभींच्या चेहऱ्यावर.

हे दृश्य तुम्ही पाहायला हवं होतं. भाभींची भुवई जरा वर गेली की भाई स्टुलावर पुढे सरकायचे. भाभींनी ओठ मुडपला की ते डोळे मिटून घ्यायचे. हातातली कोलंबी ताटात ठेवली, म्हणजे आता गोल होणार. "काय झाला गो? सांग ना गो!" खेळाडूंची खरी नावं भाभींच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. "केस बांधणारा धावतोय... मानेवाल्याला दिलान... मानेवाला पडला. उगाच पडला, मेला. नाटकी. आता बोकड आला, बोकडाला कुणी अडवीत नाय... घातलान!" त्यावर भाई उठून मफलरचं टोक डोळ्यांना लावत. गोल कसा झाला हे टीव्ही पुन्हापुन्हा दाखवायचा, आणि भाभीही तितक्याच वेळा तो नव्यानं सांगायच्या.

जिंकल्याचा फायदा साऱ्या रुवीला व्हायचा. दुसऱ्या दिवशी भाई ओमानी पुरुषांच्या पायघोळ दिशदाशाचं कापड मोजताना वीतभर जास्त सोडत. नेहमीची ओमानी गिऱ्हाइकं हे ओळखून होती. निझवाकडचे एक म्हातारे शेख तर संघ जिंकला असेल तरच रविवारी दुकानात येत आणि दारातूनच "मबरूक, अर्बाब!", म्हणजे अभिनंदन, मालक, म्हणत हात पुढे करत. संघ हरला की कापड मात्र रेघेवर कापलं जाई, धागाभरही इकडे-तिकडे नाही.

असं सगळं सुखात चाललं होतं. एका शनिवारी मी खाली बसले होते. भाभी नेहमीसारख्या सांगत होत्या, "केस बांधणाऱ्यानं घेतला, केस बांधणारा पुढं आला..." आणि भाई एकदम गप्प झाले. मला कारण कळलं नाही. मग त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. केस बांधणाऱ्याला संघानं महिन्यापूर्वीच दुसरीकडे विकला होता. ते भाईंनी पेपरात वाचलं होतं, पण भाभींना सांगायचं राहून गेलं होतं. पडद्यावर तो नव्हताच. भाभी आठवणीनं आणि आवाजावरून सामना सांगत होत्या, आणि कधीपासून कुणास ठाऊक. भाईंनी टोकलं नाही. "मग? पुढं काय झाला?" एवढंच म्हणाले. पण त्यांची नजर आता भाभींच्या भुवयांवर नव्हती, डोळ्यांवर होती.

दुसऱ्याच दिवशी भाईंनी भाभींना मस्कतमधल्याच कुरुमला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. साखरेनं डोळ्यांचा पडदा खराब केला होता. नजरेचा मधला भाग हळूहळू धूसर होत जाईल, कडा राहतील, असं डॉक्टर म्हणाले. परतताना गाडीत भाभी म्हणाल्या, "कोलंबी दिसत्ये की. खाताना कुणाच्या दातात साल आली काय?" गाडी भाई चालवत होते. सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तरी गाडी तिथंच.

आठवड्याभरात ते वर आले. "ताई, पासपोर्ट चालू हाय ना तुमचा? आपण तिघांनी इंग्लंडला जायचा." टीव्हीच्या पेटीतली माणसं असतात बोटाएवढी, ती कशी दिसणार? तिथं खरी माणसं असतील, पुरी सहा फुटांची. पूर्ण नजर जायच्या आत हिनं एक सामना नीट बघायला हवा, आणि तिथल्या लोकांशी बोलायला इंग्रजीवाली बाई हवी. सगळं अगदी तर्काला धरून होतं. टीव्हीचा कॅमेरा माणसाला नाकासमोर आणून दाखवतो, आणि मैदानात तोच माणूस कुठल्या कुठे असतो, हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. मैदान त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं, म्हणून मीही मान डोलावली.

ते बंदराचं गाव मला अजून स्वप्नात पाहिल्यासारखं आठवतं. ऊन होतं, पण दुधात बुडवल्यासारखं. रस्त्यांतून विटकरी मफलरांची नदी एकाच दिशेला वाहत होती. एवढे मफलर पाहून भाई रस्त्याच्या कडेला उभेच राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सलाम करू लागले. "ही सगळी आपली माणसं!" एका तरुण मुलीनं त्यांच्या गळ्यातला जुना, विरलेला मफलर पाहिला आणि हात छातीवर ठेवून मान झुकवली. फाटकावर पिशवी तपासणाऱ्याला भाभींनी हलव्याचा डबा उघडून दिला. त्यानं नियम काय तो सांगितला, मग एक घास खाल्ला, आणि डबा आत जाऊ दिला.

जिने चढून वर आलो आणि समोर एकदम ते हिरवं उघडलं. मस्कतच्या तांबूस डोंगरांची सवय झालेल्या आम्हा तिघांचाही श्वास अडकला. भाभींनी कठड्याला घट्ट धरलं. "अवो, भाताचा शेत!" त्या म्हणाल्या. हजारो माणसं एका सुरात गात होती, सूर खालून वर येऊन पायांतून जात होता, धक्क्याला लागणाऱ्या भरतीसारखा. मला वाटलं, इथं काही खेळलं नाही आणि नुसतं असंच बसून राहिलं तरी चालेल.

सामना सुरू झाला. भाईंनी मफलर सारखा केला, उभे राहिले आणि मैदानाकडे पाठ करून भाभींकडे तोंड केलं. मागच्या रांगेत गडबड उडाली. पिवळं जाकीट घातलेला एक म्हातारा रखवालदार आला आणि अतिशय अदबीनं म्हणाला, "साहेब, मैदान तिकडे आहे."

मी भाषांतर केलं. भाई म्हणाले, "त्याला सांगा, मना ठावक हाय."

मी रखवालदाराला कारण सांगितलं, की यांनी पाहिलं तर संघ हरतो. तो जराही हसला नाही. मागच्या रांगेकडे वळून त्यानं ते गंभीरपणे जाहीर केलं. "मग राहू द्या त्यांना तसंच!" मागून कुणीतरी ओरडलं. रखवालदारानं फक्त खाली वाकायची विनंती केली. भाई खुर्चीवर उलटे, गुडघे टेकून बसले.

"काय झाला गो?"

"हिरवा हाय," भाभी म्हणाल्या.

"ता हाय गो. माणसं काय करतायत?"

भाभींनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. शाल सारखी केली. मैदानात माणसं होती, पण त्या उंचीवरून माझ्या चष्म्यालाही ती तिळाएवढी दिसत होती. भाभींनी ओठ उघडले. मला वाटलं, आता त्या केस बांधणाऱ्याला बोलावणार. पण त्या म्हणाल्या, "नाय दिसत वो. कोणच नाय दिसत."

तोवर दोन्ही बाजू शून्यावर होत्या. भाई तसेच गुडघ्यांवर बसून होते. त्यांच्या पाठीमागे आपली माणसं खेळत होती, समोर भाभी होत्या. त्यांनी बापाचा मफलर एकदा हातात घट्ट आवळला. आणि थंड पाण्यात उतरावं तसे हळूहळू वळले, खुर्चीत सरळ बसले आणि मैदानाकडे पाहिलं.

"सांगा," भाभी म्हणाल्या.

"एक माणूस धावतोय," भाई म्हणाले. "दुसरा पण धावतोय. गो, सगळेच धावतायत!"

"चेंडू कुणाकडे हाय?"

"चेंडू... थांब... हां, आपल्याकडे. नाय, गेला."

"बोकड कुठं हाय?"

"त्यातला बोकड कुठला?"

"वाकून धावतो तो. अख्खी जिंदगी सांगत आल्ये तुमाला!"

मागच्या रांगेतली माणसं चिडीचूप झाली होती. त्यांनी पाहिलं होतं ना, म्हातारा वळला ते. थोड्या वेळानं मैदानाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यातून, जिथं पाहुण्या संघाची मूठभर माणसं बसली होती, आरोळी उठली. आमच्या बाजूला अगदी शांत. "काय नाय गो," भाई म्हणाले, "बाहेर गेला." उत्तरार्धात पुन्हा तीच लांबची आरोळी, पुन्हा तीच शांतता. तेव्हा भाईंनी सांगितलं की बोकडानं डावीकडून घुसून, दोघांना चकवून, गोल घातला. काय वर्णन केलं! शेवटी शेवटी तर त्यांनी अजून एक घातला. "दोन-शून्य," ते म्हणाले, आणि मफलरचं टोक डोळ्यांना लावलं.

"चांगला झाला," भाभी म्हणाल्या. "उगाच घाबरत होता तुमी."

लोक मान खाली घालून जिने उतरत होते. भाभी माझा हात धरून चालत होत्या, भाई हलव्याचा डबा सांभाळत पुढं. भाभी माझ्या कानाशी म्हणाल्या, "दोन गोल खाल्ले ना, ताई?" कारणही त्यांनीच सांगितलं. "आपला गोल असता तर पायाखालची जमीन हलली असती. दोनदा आवाज आला तो लांबून आला." मग माझा हात दाबला. "त्यांना बोलू नका हां. माझ्यासाठी पयल्यांदाच बघितलानी, आणि किती गोड सांगितलानी."

आता शनिवारी तुम्ही खाली गेलात तर स्टूल जागेवरच दिसेल, पण त्यावर भाभी बसतात, टीव्हीकडे पाठ करून. भाई समोर बसून पाहतात आणि सांगतात. डॉक्टर म्हणाले तशा कडा राहिल्या आहेत, म्हणून भाभी त्यांच्याकडे जरा तिरक्या मानेनं बघतात, नव्या नवरीनं बघावं तशा. आपली माणसं हल्ली एकही सामना हरत नाहीत. त्यामुळे दर रविवारी, भाभी दुकानात गल्ल्यापाशी येऊन बसल्या की, कापड वीतभर जास्त कापलं जातं. निझवाचे शेख फोनवर खरा निकाल वाचूनच येतात. दारात उभे राहतात, भाईंकडे पाहतात, भाभींकडे पाहतात, आणि मोठ्यानं म्हणतात, "मबरूक, अर्बाब!" भाभी शालीत तोंड लपवून हसतात.

बाळांनो, सुट्टीत याल तेव्हा एका शनिवारी तुम्हाला खाली पाठवीन. स्वेटर घाला. तुमच्या फोनवर निकाल क्षणात दिसतो हे मला माहीत आहे. फोन वरच, माझ्या टेबलावर ठेवून जा. कोण जिंकलं ते भाई सांगतील.