सूचनेची भाषा

सरकीच्या तेलाचा वास आला की अकोल्याची ती कापसाची जिनिंग मिल आठवते. यंत्रं चालवण्याच्या सूचना कामगारांना संगणकावर कोणत्या भाषेत दिसाव्यात, हे ठरवणं माझं काम होतं. मी इंग्रजीच ठेवली. म्हातारा फिटर म्हणाला, "साहेब, मराठीत करा ना. मले हे वाचता येत नाई." मी सगळ्यांदेखत म्हणालो, "शाळेत झोपा काढल्या काय?" सगळे हसले, तोही हसला. आठवड्याभरात नवं यंत्र साफ करताना त्याची तीन बोटं गेली. आधी कोणतं बटण बंद करायचं, ते सूचनेत होतं. मी लगेच भाषा बदलली आणि चौकशीत सांगितलं, "सूचना मराठीतच होती." चूक त्याची ठरली, नोकरी गेली. निघताना तो म्हणाला, "बरं केलं साहेब. बाकीच्यायले तरी आता वाचता येईन." हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.