येळवसला निघालेली खाद्ययात्रा

एखादं अख्खं शहर शटर खाली ओढलेल्या अवस्थेत दाखवून त्याचे पैसे घेणारा पहिला मार्गदर्शक बहुधा मीच असेन.

शहर लातूर. पैसे घेतले होते माझ्या मुलीनं, मुक्तानं. पुण्यातली चांगली कॉम्प्युटरची नोकरी सोडून तिनं 'खाद्ययात्रा' सुरू केली होती. म्हणजे लोकांना गाडीत घालायचं, गावोगावी न्यायचं, खाऊ घालायचं आणि खाताना त्यांना फोटो काढू द्यायचे. (आमच्या लहानपणी याला वऱ्हाड म्हणायचे, आणि ते फुकट जेवायचं.) ही तिची पहिलीच यात्रा. "पप्पा, ही फसली तर मी परत ऑफिसात," असं ती इतक्या शांतपणे म्हणाली की मला घाम फुटला. ती आरडाओरडा करते तेव्हा मी घाबरत नाही.

पहिला दिवस नांदेडचा, तो तिनं सांभाळला. दुसरा लातूर-औशाचा, तो मी अंगावर घेतला. मी विमा एजंट. जन्म धर्माबादचा, घर नांदेडात, पण लातुरात मला कुत्रंसुद्धा ओळखतं, असं मी तिला सांगितलं. तारीखही मीच काढली. मुद्दाम अमावस्या धरली. त्या दिवशी कोणी खरेदीला निघत नाही, हॉटेलात गर्दी नाही, पाहुण्यांना ऐसपैस बसता येईल. चुरमुऱ्यांचा सुशीला खावा तर बाबूरावांच्या हॉटेलात, म्हणून त्यांना फोन केला.

"अमावस्येला? या की सर, समद्यांना घेऊन या. पण ऐका, त्या दिवशी..."

"बाबूराव, तुम्ही काही सांगूच नका. तुमचं सगळं मला माहीत आहे," असं म्हणून मी फोन ठेवला. वीस वर्षं विमा विकल्यावर समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देण्याची सवय राहत नाही.

पाहुणे सहा. त्यात राधिका मॅडम महत्त्वाच्या. त्या जे खातात ते लाखभर लोक मोबाइलवर बघतात. त्यांनी चांगलं लिहिलं तर मुक्ता तरली, नाहीतर ऑफिस. दुसरे देवधर सर. ते घास तोंडात ठेवला की डोळे मिटतात. आदल्या दिवशी नांदेडात दहीवड्यावर त्यांनी इतका वेळ डोळे मिटले की त्यांची पॉलिसी आहे का, असा विचार माझ्या मनात सवयीनं येऊन गेला. मग डोळे उघडून ते म्हणाले, "सुरुवातीला आंबट, मध्ये धूर, शेवटी किंचित गवत." मी हरखून गेलो. पन्नास वर्षं मी दहीवडे खातोय, पण घासाला सुरुवात आणि मध्य असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला नेहमी थेट शेवटच लागायचा.

तर आम्ही निघालो. अहमदपूरच्या स्टँडवर बसगाड्या उभ्या, माणूस दिसेना. "इकडं लोक जरा निवांत उठतात," मी म्हणालो. लातुरात गोलाईच्या बाजारापाशी आलो, तर जिथं एरवी पाय ठेवायला जागा नसते तिथं भर रस्त्यात एक गाय बसून रवंथ करत होती. बाबूरावांच्या हॉटेलला कुलूप. शेजारच्याला कुलूप. त्याच्या शेजारच्याला कुलूप. फोन लावला तर लागेना.

सहा माणसं माझ्याकडं बघत होती. मी हात पसरले.

"ही आपली पहिली डिश," मी म्हणालो. "शांतता."

देवधर सरांनी डोळे मिटले. "ब्युटिफुल," ते म्हणाले.

मुक्तानं डोळे मिटले नाहीत. तिनं शटरवर खडूनं लिहिलेलं वाचलं. "पप्पा, येळवस म्हणजे काय?"

आता मला लख्ख आठवलं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. या अमावस्येला लातूरकर घरदार बंद करून रानात जातात. ज्वारीच्या पिकात कडब्याची कोप उभी करतात, तिच्यात पूजा मांडतात आणि दिवसभर तिथंच जेवतात. धर्माबादकडं आमच्यात हे नाही. माझ्या कानावर होतं, पण कान आणि मी यांचा संबंध तुम्हाला कळलाच आहे.

"हेच तर सरप्राइज होतं," मी मोठ्यानं म्हणालो, आणि ड्रायव्हरला हळूच सांगितलं, "औशाच्या रस्त्यानं घे. माणसं दिसली की थांब."

माणसं लगेच दिसली. रस्त्याकडेला एक साठीच्या बाई हात आडवा करून उभ्या होत्या. "ओ, कुठं चाललाव? जेवून जावा."

मी गाडीतून उडीच मारली. "मंडळी, या माझ्या मावशी. आपण यांच्याकडंच आलोय."

बाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मी डोळ्यांनी दयेचा अर्ज केला.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "किती दिसांनी आलास रे बाळ्या. ल्हानपणी लई रडका होता ह्यो. आंबील दिसली की रडायचा."

त्यांचं नाव गयाबाई, हे मला शेजारणीनं हाक मारली तेव्हा कळलं. तोवर मी बाळ्या झालो होतो. सगळ्या पाहुण्यांनीही मला बाळ्याकाका म्हणायला सुरुवात केली.

कोपीसमोर पोती अंथरली होती. "वा, फार्म टू टेबल," एक पाहुणे म्हणाले.

"टेबल न्हाई ओ, पोतं हाय. बसा."

"मला अगदी थोडं द्या," राधिका मॅडम म्हणाल्या. "मी फक्त टेस्ट करते. दोन चमचे."

"दोन चमचे तर आम्ही पिकाला शिंपडताव, बाई," गयाबाई म्हणाल्या, आणि पळीभर भज्जी ताटात पडली. तूर, वाल, हरभरा, वाटाणा, रानातलं जे हिरवं असेल ते सगळं एकत्र शिजवून घोटलेली. सोबत बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याची पोळी आणि मडक्यातली गार आंबील.

देवधर सरांनी आंबिलीचा घोट घेतला. डोळे मिटले. उघडले. परत मिटले. "यात..." ते म्हणाले, आणि थांबले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना शब्द सापडेना. मग त्यांनी नुसता पेला पुढं केला. पुढचे चार पेले त्यांनी डोळे उघडे ठेवून प्यायले. मीही पहिल्यांदाच पीत होतो, आणि शपथेवर सांगतो, सुरुवात, मध्य, शेवट, सगळं लागलं.

तेवढ्यात मुक्तानं माझा शर्ट ओढला. तिचा चेहरा उतरला होता. "पप्पा, त्यांनी एकही फोटो काढला नाही."

खरंच. राधिका मॅडमचा मोबाइल पोत्यावर पडला होता. दोन्ही हातांनी त्या उंडा कुस्करत होत्या आणि मान वर करत नव्हत्या. फोटो नाही म्हणजे लाखभर लोकांना काही कळणार नाही. म्हणजे ऑफिस. माझा उंडा तोंडापाशीच थांबला.

"हे कुठं दाबायचं असतंय?" गयाबाईंनी तो मोबाइल उचलून विचारलं. मॅडमनी भरल्या तोंडानं बोटानं दाखवलं. गयाबाईंनी माझ्यावर नेम धरून दाबलं.

मग शेजारच्या रानातला माणूस बांधावर येऊन उभा राहिला. "मावशीकडं खाल्लाव, आमच्याकडं न्हाई? आमचं काय विटाळलंय का?" तिथं गेलो. तिथून पलीकडचा आला. तिसऱ्या रानात जेवण संपलं तेव्हा सहाही खवय्ये बाभळीखाली ओळीनं आडवे झाले होते. आंबिलीनं एकेकाला अलगद झोपवलं होतं. आणि माझा फोन वाजला. मुक्तानंच उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"सर, कुठाव? सकाळधरनं वाट बघायलोय," बाबूराव ओरडत होते. "तुमची पंगत तशीच ठिवलीय."

"पण हॉटेल तर बंद..." मी म्हणालो.

"हाटेलात कशाला? माझ्या रानात या, हेच सांगत होतो की त्या दिशी. तुम्ही फोन ठेवलाव."

आम्ही कुठं आहोत ते मुक्तानं त्यांना सांगितलं आणि माझ्याकडं बघितलं. मी बाभळीकडं बघितलं. एवढ्यात बाबूराव स्वतःच मोटरसायकलवरून येऊन थडकले. त्यांचं रान दोन बांध पलीकडं होतं. न जेवता गेलो असतो तर त्यांनी जन्मभर माझं तोंड बघितलं नसतं. मी पाहुण्यांपुढं हात जोडले. आता संपलं, असं मला वाटलं. तेव्हा देवधर सर डोळे न उघडताच म्हणाले, "मला फक्त उभं करा."

दोघांनी मिळून उभं केलं. चौथ्या पंगतीत आंबील त्यांनी स्वतः मागून घेतली.

दोन दिवसांनी राधिका मॅडमचं लिखाण आलं. मुक्तानं ते मला वाचून दाखवलं नाही, मोबाइलच हातात दिला. त्यांनी लिहिलं होतं की इतक्या वर्षांत फोटो काढायला विसरायला लावणारं जेवण त्या पहिल्यांदाच जेवल्या, म्हणून या यात्रेचा एकच फोटो आहे आणि तोही मावशींनी काढलेला. फोटोत मी. तोंड उघडं, उंडा अर्ध्या वाटेत, मिशीला आंबील.

पुढच्या येळवसच्या सगळ्या जागा भरल्या. ऑफिसचं नाव घरात निघत नाही. यात्रेच्या जाहिरातीवर तोच फोटो आहे आणि खाली लिहिलंय: 'गयामावशींचा भाचा, बाळ्या.' तारीख मुक्ता काढते, फोन मुक्ता करते. मला एकच काम दिलं आहे. पहिल्या पोत्यावर बसायचं आणि शेवटपर्यंत खात राहायचं. माझं तोंड भरलेलं असलं की मला दुसऱ्याचं ऐकू येतं, असा तिचा शोध आहे.